वाव

पुस्तकांची बोट सोमवारी धक्क्याला लागते,
तासाभरासाठी. दुपारी दोनलाच अंधार,
कारण डिसेंबर, कारण हा फ्योर्ड,
ज्याचे कडे सूर्याला आत घेत नाहीत.

ओस्मुंड आला. बुटांवर माशांचे खवले.
म्हणाला, गुड्वेग, भीती वाटेल असं काही दे.
भुतं नकोत. खून नकोत.
खुनी आपल्यासारखाच असतो,
त्यालाही चारला भूक लागते.

मी चार पुस्तकं काढली. सगळी अलीकडची,
एरवी ड्रॅगन आणि राजपुत्र लिहिणाऱ्यांची,
ज्यांचा एखाद्या वर्षी तोल जातो.

हे बघ, यात नकाशे काढणारी बाई आहे.
ती बेट मोजते, आणि बेट दर खेपेला
थोडं जास्त भरतं. दुष्ट नाही ते.
वाढतंय, इतकंच. नखं वाढतात तसं.
लेखिका आधी दातांची डॉक्टर होती. वाचताना कळतं.

हे जाड. पहिली साठ पानं नुसतं लग्न,
कंटाळलास तरी टाकू नकोस,
एकसष्टाव्या पानावर पाहुण्यांची मोजणी आहे.

तिसऱ्यात देव आहे.
आपण आहोत हे त्याला ठाऊकच नाही.
प्रार्थना पोचते त्याच्यापर्यंत,
पण शेजारच्या घरातल्या फोडणीसारखी.
अनुवाद खडबडीत आहे, बहुतेक मुद्दाम.

चौथं मी पुरं केलेलं नाही, खोटं कशाला बोलू.
रात्री बोटीवरच वाचत होते.
नऊ पानं उरली असताना आठवलं
बोटीखाली काय आहे,
आणि मिटलं.

त्यानं चौथं उचललं.

दोन आठवड्यांनी परत. कव्हरला डिझेलचा वास.
"बरा आहे लिहिणारा," म्हणाला,
"पण शेवटी त्याला तोंड दिलंय.
म्हणजे खरंखुरं तोंड, दातांसकट.
तिथं लेखक घाबरला."

मग शिक्का वाळेपर्यंत जे सांगितलं ते असं:
चौऱ्याण्णव साली तो मोजणीच्या जहाजावर होता.
आवाज खाली सोडायचा, तळाला लागून वर येईल,
किती वेळात आला त्यावरून खोली.
कंटाळवाणं काम. डबा खात खात व्हायचं.
या वळणापुढे, त्या पिवळ्या होडीघराच्या समोर,
एका दुपारी आवाज सोडला
आणि तो आलाच नाही.

पुन्हा सोडला. चहा झाला. पुन्हा.
यंत्र दोनशे मीटर मागे नेलं, तिथं ठीक.
पुढे नेलं, ठीक.
मधे मात्र आम्ही बोललो
आणि कुणी हूं केलं नाही.

"मग काय लिहिलंत?"

"तक्त्यात शंकेला वाव नव्हता.
शेजारचाच आकडा लिहिला, तीनशे चाळीस वाव,
मीटर करून. मुख्य म्हणाला, सही कर."

नकाशा माझ्या पाठीमागेच टांगलाय,
मुलांच्या पुस्तकांच्या वर. सहाशे बावीस.
सुबक छापलेलं. सात वर्षं
दर सोमवारी तीन-वीसला
आम्ही त्या आकड्यावरून जातोय,
पाच हजार पुस्तकं आणि कॉफीची किटली घेऊन.

ओस्मुंडनं या खेपेला स्वयंपाकाचं पुस्तक नेलं.

पुढच्या धक्क्यावर यूरुन, चौदा वर्षांची,
हातमोजे दातांनी ओढत म्हणाली,
भीती वाटेल असं काही आहे?
मी चौथंच दिलं. ती नऊ पानं
अजूनही वाचलेली नाहीत मी.
म्हटलं, तोंड दिसेल तिथं थांब.

"आणि मग पुढचं?"

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात
कप्तानानं सुटायचा भोंगा दिला.
समोरच्या कड्यावरून तो परत आला,
नेहमीपेक्षा किंचित उशिरा,
किंवा आज पहिल्यांदाच
मी मोजत होते.